दिवंगत जागल्याची माहिती तपासताना या चुका टाळा

कंपनीतला गैरप्रकार उघड करणारा माणूस गेला की पहिल्या दोन दिवसांत जे छापून येतं, तेच पुढे वर्षानुवर्षं फिरत राहतं. चूक दुरुस्त करायला तो स्वतः नसतो. ज्या कंपनीवर त्याने बोट ठेवलं, तिला मात्र आपली प्रत्येक चूक सोयीची ठरते. लिहिणाऱ्याला साधं नोकरीचं वर्ष धड माहीत नाही, मग आरोपांवर काय विश्वास ठेवायचा, असं म्हणायला ती मोकळी होते. म्हणून इथे नेहमीपेक्षा जास्त काटेकोर राहायला हवं.

मृत्यूचं कारण एका वाक्यात उरकणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बोइंग या विमान बनवणाऱ्या कंपनीत 32 वर्षं काढून 2017 साली निवृत्त झालेले जॉन बार्नेट 9 मार्च 2024 रोजी अमेरिकेतल्या चार्ल्स्टनमध्ये मृतावस्थेत सापडले. ‘साक्ष देण्याआधीच काटा काढला’ हे वाक्य तेव्हापासून सगळीकडे पसरलं. प्रत्यक्षात कंपनीविरुद्धच्या त्यांच्या दाव्यात जबाब नोंदवणं आधीच सुरू झालं होतं आणि त्या शनिवारी ते पुढे चालू राहायचं होतं. शिवाय 2019 मध्येच ते जाहीरपणे बोलले होते. मे 2024 मध्ये पोलिसांनी आत्महत्येचा निष्कर्ष देऊन तपास बंद केला. मार्च 2025 मध्ये कुटुंबाने बोइंगवर खटला भरला. त्यातही खुनाचा आरोप नाही. कंपनीने दिलेल्या त्रासामुळे ते त्या टोकाला गेले, असं कुटुंबाचं म्हणणं आहे. हा आरोप पुरेसा गंभीर आहे, त्याला तिखटमीठ लावायची गरज नाही.

अशा वेळी ‘गूढ मृत्यू’ असं मोघम लिहू नका. पोलिसांचा निष्कर्ष काय, कुटुंबाचा दावा काय आणि कंपनीचं उत्तर काय, ही वेगवेगळी वाक्यं करा आणि प्रत्येकापुढे तारीख टाका. मजकूर थोडा रुक्ष होईल, पण माणसाशी इमान राखलं जाईल.

कॅरन सिल्कवूड यांच्या बाबतीत उलटी चूक होते. ओक्लाहोमातल्या कर-मॅगी कंपनीच्या प्लुटोनियम कारखान्यात त्या तंत्रज्ञ होत्या आणि त्यांच्या शरीरात प्लुटोनियम गेलं होतं, हे खरं. त्यावरून अनेक जण त्या किरणोत्सर्गाने गेल्या असं लिहून मोकळे होतात. त्यांचा मृत्यू 13 नोव्हेंबर 1974 रोजी मोटार अपघातात झाला. त्या न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदाराला भेटायला निघाल्या होत्या. चालवताना डुलकी लागली, हा पोलिसांचा निष्कर्ष. मागून दुसऱ्या गाडीने धडक दिल्याच्या खुणा आहेत, हे कामगार संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञाचं मत. दोन्ही लिहा, आणि कोणतं कुणाचं तेही.

कोर्टाचा पहिला आकडा शेवटचा समजणं

सिल्कवूड यांच्या कुटुंबाला 1979 मध्ये ज्युरीने एक कोटी पाच लाख डॉलर मंजूर केले. हा आकडा आजही ‘मिळालेली भरपाई’ म्हणून दिला जातो. वरच्या कोर्टाने तो जवळजवळ पूर्ण रद्द केला, 1984 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला आणि अखेर 1986 मध्ये 13 लाख 80 हजार डॉलरवर तडजोड झाली. कंपनीने जबाबदारी मान्य केली नाही. त्यांच्यावरचा चित्रपट 1983 चा आहे, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्याही आधीचा. तरीही तोच पाहून लोक चरित्र लिहितात.

आपल्याकडे इंडियन ऑइलचे अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांच्या खून प्रकरणातही हेच दिसतं. मुख्य आरोपीला 2007 मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, पण 2009 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. ‘फाशी झाली’ असं लिहिणारा 2007 लाच थांबलेला असतो. निकालपत्र उघडलं की हे पाच मिनिटांत कळतं.

दोन माणसांची सरमिसळ

मंजुनाथ आणि सत्येंद्र दुबे यांची नावं इतक्यांदा एकत्र घेतली जातात की तपशील एकमेकांत मिसळतात. दुबे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंते, त्यांची हत्या नोव्हेंबर 2003 मध्ये गयेत झाली. मंजुनाथ यांची नोव्हेंबर 2005 मध्ये, लखीमपूर खेरीत. त्यांचा मृतदेह शेजारच्या सीतापूर जिल्ह्यात त्यांच्याच गाडीत सापडला, त्यामुळे मृत्यूचं ठिकाण म्हणून सीतापूर लिहिलेलंही आढळतं. षण्मुगम हे वडिलांचं नाव. नोंदी शोधताना दोन्ही क्रमांनी शोधा, नाहीतर निम्मी कागदपत्रं हातातून निसटतील.

तसंच जोशुआ डीन यांचं. 30 एप्रिल 2024 रोजी ते गेले तेव्हा ‘बोइंगचा दुसरा जागल्या’ अशी बातमी आली. ते बोइंगचे कर्मचारी नव्हते. बोइंगला विमानाचे सांगाडे पुरवणाऱ्या स्पिरिट एरोसिस्टिम्समध्ये ते गुणवत्ता तपासणीस होते आणि मृत्यू जंतुसंसर्गाने झाला. मालक कोण होता हे बदललं की तक्रार कुणाविरुद्ध होती हेही बदलतं.

तारखा आणि वय

मृत्यूची तारीख, मृतदेह सापडल्याची तारीख आणि बातमी फुटल्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ओपनएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीचे माजी कर्मचारी सुचीर बालाजी 26 नोव्हेंबर 2024 रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या घरात मृतावस्थेत सापडले, बातमी डिसेंबरच्या मध्यावर आली. ‘माजी’ हा शब्दही गाळू नका, त्यांनी ऑगस्टमध्येच नोकरी सोडली होती.

बातमीतल्या वयावरून जन्मसालही काढू नका. मार्च 2024 मध्ये 62 वय असलेला माणूस 1961 चा असू शकतो किंवा 1962 चा. कुटुंबाने दिलेली निधनवार्ता किंवा कोर्टाची कागदपत्रं मिळेपर्यंत फक्त वय लिहा, जन्मसालाची जागा मोकळी राहू द्या.