फ्लॅटमधल्या ओट्यावर धुरावलेले मटण आणि त्याचा दाट रस्सा

धुरावलेल्या मांसाच्या बहुतेक पाककृती अंगण, लोखंडी भट्टी आणि दिवसभर जळणारी लाकडे गृहीत धरून लिहिलेल्या असतात, आणि मुंबईतल्या स्वयंपाकघरात, जिथे ओट्यावर दोन माणसे शेजारी उभी राहिली तरी कोपर लागते, यातले काहीच जमण्यासारखे नसते. त्यातून इमारत नवी आणि उंच असेल तर छतावरचे धूर ओळखणारे यंत्र कधी बोंबलेल याचाही भरवसा नाही. तरीही हा पदार्थ घरी चांगला होऊ शकतो, फक्त सगळेच मांस धुरावण्याचा हट्ट सोडला पाहिजे. एक किलो मटणातले सुमारे 300 ग्रॅम मांस झाकणबंद कढईत थोडा वेळ धुरावावे आणि ते रश्श्यात सोडावे. लाकडाच्या धुरातली चव ज्या फिनॉल जातीच्या घटकांमुळे येते ते चरबीत सहज विरघळतात. त्यामुळे रश्श्यावरच्या तवंगातून तो वास बाकीच्या तुकड्यांपर्यंत, बटाट्यांपर्यंत आणि पावाच्या घासापर्यंत पोहोचतो.

मटण घेताना दुकानदाराला नुसते ‘एक किलो करीचे’ सांगू नये, कारण मग रानाचे, म्हणजे मागच्या मांडीचे, कोरडे तुकडे जास्त आणि चिकट भाग कमी असा वाटा मिळण्याची शक्यता असते. दाट रश्श्यासाठी नळी, गर्दन आणि सीना हे भाग सुमारे 700 ग्रॅम घ्यावेत आणि धुरावण्यासाठी दस्ताचे, म्हणजे पुढच्या पायाचे खांद्याकडले, बिनहाडाचे, लिंबाएवढ्या आकाराचे तुकडे वेगळे मागून घ्यावेत. गर्दन आणि सीन्यात स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजन पुष्कळ असते. साधारण 70 अंश सेल्सियसच्या पुढे बराच वेळ राहिल्यावर ते हळूहळू जिलेटिन होऊन पाण्यात उतरते. रस्सा ओठांना किंचित चिकटतो तो त्यामुळे, आणि कितीही खोबऱ्याचे वाटण घातले तरी तो गुण उसना आणता येत नाही. नळीतला मगज रश्श्यात विरघळतो तो वेगळाच. रानाचे मांस दिसायला देखणे असते, पण त्यात चरबी आणि कोलॅजन दोन्ही कमी असल्याने दोन तासांच्या शिजवणीत त्याचे धागे सुटतात. ते सुक्यासाठी ठेवावे.

मीठ आदल्या रात्री लावावे. किलोला 15 ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा एक सपाट मोठा चमचा थोडा उणा, एवढे पुरे होते. ते सगळ्या तुकड्यांना चोळून, झाकून, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवले की आतपर्यंत मुरते. हळद लावायला हरकत नाही, मात्र दही किंवा लिंबू या टप्प्यावर लावू नये. या पदार्थात आंबटपणा शेवटी यायला हवा आणि त्याचे कारण पुढे येईलच.

सकाळी जाड बुडाच्या टोपात दोन मोठे चमचे तेल तापवून दोन मोठे कांदे उभे चिरून तांबूस होईपर्यंत परतावेत, त्यात दहा-बारा मिरे, चार लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन तमालपत्रे आणि एक मोठा चमचा आले-लसणाचे वाटण घालावे, आणि सगळे मटण घालून त्याला सुटलेले पाणी आटेपर्यंत मध्यम आचेवर परतत राहावे. मग सुमारे दीड लिटर आधणाचे पाणी ओतावे. उकळी आली की वर येणारा फेस काढून टाकावा आणि आच इतकी कमी करावी की पृष्ठभागावर एखाद-दुसरा बुडबुडा सावकाश फुटत राहील. रस्सा रटरटू दिला तर तुकड्यांचा बाहेरचा भाग आकसून कोरडा पडतो आणि चरबी पाण्यात मिसळून रस्सा गढूळ होतो. बोहरी मोहल्ल्यातल्या बारा हंडीच्या दुकानांत पाये आणि निहारी रात्रभर मंद आचेवर ठेवतात, त्यामागे हेच तंत्र आहे. घरी गॅसचा विचार करता तेवढा वेळ देणे परवडत नाही, पण कोवळ्या बोकडाच्या मटणाला दीड ते दोन तास पुरतात.

प्रेशर कुकरविषयी आग्रही मते दोन्ही बाजूंनी ऐकू येतात. माझ्या मते नळ्या आणि पाये यांचा अर्क काढायला कुकरसारखे भांडे नाही, कारण त्यातले पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते आणि हाडांतले कोलॅजन झपाट्याने सुटते. मांसाच्या तुकड्यांसाठी मात्र तो टाळावा. एक शिट्टी जास्त झाली की दस्ताचा कीस होतो आणि धुरावायला काही उरतच नाही.

साधारण सव्वा तासाने दस्ताचे तुकडे दाबून पाहावेत. ते जवळजवळ शिजलेले, पण आकार धरून असतील तेव्हा झाऱ्याने बाहेर काढावेत आणि बाकीचे मटण तसेच शिजू द्यावे. कच्चे मटण धुरावून मग शिजवणे हा उलटा क्रम सोपा वाटतो, पण कढईतल्या वीस मिनिटांत कच्च्या मटणाच्या मध्यापर्यंत पुरेशी उष्णता पोहोचत नाही आणि पुढच्या लांब शिजवणीत धुराच्या वासाचा बराचसा भाग वाफेबरोबर उडून जातो. शिजलेल्या मांसाला शेवटी धूर दिला तर चव आणि सुरक्षितता दोन्ही सांभाळता येतात. काढलेले तुकडे स्वच्छ फडक्याने टिपून, जाळीवर एकमेकांना न लावता, निवल्यावर तासभर फ्रिजमध्ये उघडे ठेवावेत. ओल्या पृष्ठभागावर धूर बसतो खरा, पण त्या पाण्यात मिसळून काळपट, कडवट ओघळ होतात. कोरडा आणि किंचित चिकट पृष्ठभाग सर्वांत चांगला. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत पंख्याखालीही हे साधत नाही, म्हणून फ्रिजच बरा.

आता कढई. ती लोखंडाची जाड असावी. नॉनस्टिक भांडे या कामाला अजिबात वापरू नये, कारण कोरडे तापून 260 अंशांच्या पुढे गेले की त्याच्या थरातून घातक वाफा निघू लागतात. कढईच्या तळाशी ॲल्युमिनियम फॉईलचे दोन पदर अंथरून त्यावर दोन मोठे चमचे तांदूळ, दोन चमचे चहाची पूड आणि एक चमचा साखर किंवा किसलेला गूळ एकत्र करून पसरावे. नारळाच्या वाळलेल्या करवंटीचे, शेंड्या खरवडून काढलेले, नखाएवढे तीन-चार तुकडे त्यात घातले तर धुराला कोकणी वळण येते आणि तेच मला अधिक आवडते. आंब्याच्या किंवा पेरूच्या वाळक्या लाकडाचे छिलकेही चालतात. प्लायवूड, रंग दिलेल्या फळ्या आणि पेट्यांची लाकडे यांत डिंक आणि रसायने असतात. ती फुकट मिळाली तरी घेऊ नयेत.

फॉईलवर स्टीलचे उभे कडे आणि त्यावर जाळी ठेवावी, मिश्रण आणि मांस यांच्यात दोन इंच अंतर राहील असे पाहावे. सुरुवातीला झाकण न लावता आच मोठी ठेवावी. धुराची पहिली रेघ उठली की तुकडे जाळीवर मांडून घट्ट झाकण घालावे, कडेला कणकेची वळी चिकटवून फट बुजवावी आणि आच लहान करावी. बारा मिनिटांनी गॅस बंद करावा आणि झाकण आणखी दहा मिनिटे उघडू नये. फटीतून बाहेर येणारा धूर पातळ, निळसर असेल तर सगळे ठीक चालले आहे असे समजावे. तो दाट पिवळसर होऊ लागला तर साखर जळते आहे, तेव्हा लगेच आच बंद करावी. चिमणी आणि खिडक्या काम सुरू करण्याआधीच उघडाव्यात, आणि झाकण खिडकीजवळ नेऊन काढावे. जळकी फॉईल पाण्यात बुडवून पूर्ण गार झाल्याशिवाय कचऱ्याच्या डब्यात टाकू नये.

इकडे टोपात, मांस धुरावत असताना, तासभर भिजवलेले 100 ग्रॅम अख्खे मसूर, दोन गाजरांचे मोठे तुकडे आणि तीन बटाट्यांच्या फोडी घालाव्यात. मसूर अर्ध्या तासात मऊ होतात आणि त्यांच्या पिठाने रस्सा आपोआप दाटतो. मसाल्याच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. काळा मसाला किंवा गोडा मसाला यांतल्या दगडफुलाचा आणि भाजक्या खोबऱ्याचा वास स्वतःच धुराशी भांडतो, त्यामुळे धूर दिला होता की वाटण करपले होते हे कळेनासे होते. वसई-वांद्रे भागातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळ ख्रिस्ती समाजाच्या, घरांत उन्हाळ्यात कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत भरून ठेवतात तो बॉटल मसाला मिळाला तर एक लहान चमचा घालावा, नाहीतर नुसते मिरे आणि अर्धा चमचा काश्मिरी तिखट पुरे. मसूर आणि बटाटे शिजल्यानंतर धुरावलेले तुकडे सोडून दहा मिनिटे झाकून ठेवावे, आणि अगदी शेवटी एक चमचा व्हिनेगर घालावे. ते आधी घातले तर आंबटपणामुळे मसूर लवकर मऊ होत नाहीत. चवीचे मीठही याच वेळी पाहावे.

कढईचा खटाटोप नको असेल तर धुंगार आहेच. लाल झालेला निखारा स्टीलच्या वाटीत किंवा कांद्याच्या पाकळीत ठेवून, ती रश्श्यावर तरंगती सोडून, वर चार थेंब तूप टाकावे आणि पाच मिनिटे झाकावे. हा वास मुख्यतः जळत्या तुपाचा असतो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत नाही, हे धरूनच तो द्यावा. कोळसा साधा लाकडी असावा, झटकन पेटावा म्हणून रसायन लावलेला नव्हे. बंद खोलीत निखारे ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.

कच्चे मांस कमी तापमानाच्या धुरात दिवसेंदिवस टांगून टिकवण्याची थंड देशांतली पद्धत मुंबईत घरी करून पाहू नये. तिथे धुराचे तापमान साधारण 30 अंशांखाली राखतात, आणि आपल्याकडे वर्षाचे बरेच महिने दुपारची हवाच त्याहून गरम आणि दमट असते. 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. तशी चव हवी असेल तर क्रॉफर्ड मार्केटात किंवा वांद्र्याच्या दुकानांत मिळणारे गोव्याचे सॉसेज आणावेत. व्हिनेगर, मिरची आणि मीठ यांत मुरवून वाळवलेले ते मणी वरच्याच रश्श्यात मटणाऐवजी 200 ग्रॅम घातले तर तेल वेगळे घालावे लागत नाही, आणि मीठ मात्र चाखूनच घालावे. कोंबडीच्या तंगड्या कढईत कच्च्या धुरावता येतात, पण नंतर त्या रश्श्यात पूर्ण शिजायला हव्यात. हाडालगत तापमान 74 अंश भरले पाहिजे. धुरामुळे वरच्या थराखाली येणारी गुलाबी छटा कच्चेपणाची नसते, म्हणून रंगावर न जाता स्वयंपाकाचा थर्मामीटर वापरावा.

हा रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो, कारण रात्रभरात मसूर आणि मांस धुराचा वास धरून बसतात. परंतु तो रात्रभर ओट्यावर राहू देऊ नये. दोन उथळ भांड्यांत वाटून, पंख्याखाली निववून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन दिवसांत संपवावा. वर गोठलेला चरबीचा थर काढून टाकू नये, धुराची बरीचशी चव त्यातच असते. गरम करताना रस्सा थिजून खरवसासारखा निघाला तर सकाळची मंद आच कामी आली असे समजावे. त्यात अर्धी वाटी पाणी घालून, पूर्ण उकळी आणून, कडक पावाबरोबर किंवा तांदळाच्या भाकरीबरोबर वाढावा.