नारळ एकदाच पडतो: कायनेटिक-पोटेन्शियलने मला कुठे पाडलं

नुकतीच अकरावी सायन्स घेतलेल्यांसाठी लिहितेय. अर्धा एमव्ही स्क्वेअर (कायनेटिक, म्हणजे वेगामुळे असलेली एनर्जी) आणि एमजीएच (पोटेन्शियल, म्हणजे उंचीमुळे असलेली एनर्जी) तुम्हाला येतंच, ते परत सांगत बसत नाही. मलाही येत होतं, तरी पहिल्या युनिट टेस्टला पाच मार्कांच्या गणितात एक मिळाला, तोही बहुतेक आकृतीचा. आमचं प्रायमरी मराठीतून आणि हायस्कूलपासून सगळं इंग्लिश, म्हणून आधी वाटलं भाषेमुळे अडतंय. भाषेचा काही संबंध नव्हता.

गणित असं: दीड किलोचा नारळ 15 मीटर उंच माडावरून पडला, जमिनीला टेकताना वेग किती, हवेचा विरोध धरायचा नाही. पोटेन्शियल एनर्जी 220.5 जूलने कमी झाली, ती कायनेटिकमध्ये गेली, इथपर्यंत मी बरोबर होते. मग ट्यूशनमध्ये घोकलेलं वर्क-एनर्जी थिअरम (वस्तूवर झालेलं एकूण वर्क म्हणजे तिच्या कायनेटिक एनर्जीतला बदल) आठवलं, म्हटलं ग्रॅव्हिटीनेसुद्धा वर्क केलंच की, तेही 220.5, आणि दिलं त्यात मिळवून. झाले 441 जूल, वेग आला सेकंदाला 24 मीटर. खरा वेग साधारण 17, म्हणजे ताशी 62 किलोमीटर, आणि तोही काय कमी नाही, पाडेली (नारळ पाडणारा) माडावर असताना आजी आम्हाला पोरसात (घरामागच्या बागेत) का फिरकू देत नव्हती ते तेव्हा कळलं.

आता नीट वाचा, कारण सगळे इथेच पडतात. पोटेन्शियल एनर्जीत झालेली घट म्हणजेच ग्रॅव्हिटीने केलेलं वर्क. एकाच गोष्टीची दोन नावं. एटीएममधून पाचशे काढले तर खात्यातून पाचशे गेले हेही खरं आणि मशीनने पाचशे दिले हेही खरं, पण म्हणून खिशात हजार येत नाहीत ना? एमजीएच लिहिलंत की वर्कच्या यादीतून ग्रॅव्हिटी खोडायची. वर्क लिहिणार असाल तर एमजीएचला हात लावायचा नाही. कुठलीही पद्धत घ्या, पण एकच.

नारळाच्या गणितात चूक लगेच दिसते तरी, फ्रिक्शन आलं की ती लपते. 2 किलोचा ठोकळा 5 मीटर उंच उतारावरून सुटला, फ्रिक्शनने 38 जूल खाल्ले. 98 वजा 38, उरले 60, वेग 7.7. दोनदा मोजलंत तर 12.6 येतो, आणि तो आकडा बघून कुणाला शंकाही येत नाही. म्हणून मी दर वेळी एक चेक करते: तेवढ्याच उंचीवरून सरळ खाली पडला असता तर वेग किती? इथे 9.9. घसरत आलेला ठोकळा, कुणी ढकललेला नसताना, त्याच्यापुढे जाऊच शकत नाही.

फॉर्म्युला शीटवाल्या सरांबद्दल माझं मत वाईट आहे ते आहेच. शीटवर दोन्ही फॉर्म्युले शेजारी शेजारी छापलेले, नातं कुठेच नाही. मला हे शेजारच्या ताईने बल्कांवावर (घरापुढच्या ओट्यावर) बसून दहा मिनिटांत सांगितलं, तिने आधी माझा पेपर बघितला आणि मग तोंड उघडलं. असं कोणी मिळालं तर सोडू नका.

बाकी उंची मोजताना शून्य कुठून धरायचं याचं टेन्शन घेऊ नका, जमीन धरा नाहीतर विहिरीचा तळ, फक्त गणिताच्या मध्येच बदलू नका. आणि ‘अर्धा’ विसरलात तर रडू नका. गणितज्ञ लायब्निझच्या काळी नुसताच एमव्ही स्क्वेअर मोजायचे, अर्धा आला तो फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिसच्या 1829 च्या पुस्तकाने. मार्क मात्र जातील.

मी शहाणी झाले असं समजू नका हं. पुढे स्प्रिंग आली, अर्धा केएक्स स्क्वेअरही (स्प्रिंगची पोटेन्शियल एनर्जी) लिहिला आणि स्प्रिंगने केलेलं वर्कही मिळवलं. नशीब, घरच्या वहीत.