पावसाळी रविवारी पत्ते काढा

जुलैतला रविवार, बाहेर धो धो पाऊस आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गाड्या जागच्या जागी. अशा दिवशी तलावपाळीला जायचा हट्ट सोडा आणि पत्त्यांचा कॅट शोधा.

घरात तिघंच असाल तर पाच-तीन-दोन. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतचे सगळे पत्ते घ्या, त्यात इस्पिक आणि बदामची सत्ती घाला. झाले ३० पत्ते, प्रत्येकी १०. पहिले पाच पत्ते वाटले की ज्याला पाच हात करायचे आहेत त्याने हुकूम बोलायचा, मग उरलेले वाटायचे. पिसणाऱ्याला दोन हात पुरतात. खरी मजा पुढच्या डावात: ज्याचे हात कमी पडले त्याच्याकडून पत्ते ओढले जातात. मुलाने आजोबांच्या हातातला एक्का ओढला की घरात जो गलका होतो, तो ऐकाच!

चौघं असाल तर मेंढीकोट. समोरासमोर भिडू, ५२ पत्ते, लक्ष चारही दश्शांवर. जोड्या लावताना नवरा-बायको एका बाजूला नकोत; आजी आणि नात, बाबा आणि लेक अशा लावा. एरवी एकमेकांशी कमी बोलणारी माणसंही भिडू झाली की एकमेकांकडे बघायला लागतात. पाचव्याला गुण लिहायला बसवा.

अगदी लहानांसाठी गाढव-झब्बू पुरे, शिकवायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. भजी मात्र डाव संपल्यावरच, तेलकट पत्ते एकमेकांना चिकटतात.