सांबर दिसत नाही, कारण वारा तुमच्या पाठीवर असतो

अमेरिकेत रॉकी पर्वतात एल्क या मोठ्या हरणाच्या मागावर जाणारा शिकारी बंदुकीपेक्षा वाऱ्याची काळजी जास्त करतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि ते बरंच झालं. पण येऊरच्या डोंगरात सांबराचा फोटो काढायचा असला तरी अडचण तीच. जनावर मोठं, नर दोनशे किलोच्या पुढे जातो, तरी पन्नास पावलांवर झाडीत उभं असलं तर कळत नाही. त्याला मात्र तुमचा वास आधीच लागलेला असतो.

आधी परवानगी. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं अंग. गेटवर वनखात्याच्या माणसांना विचारा की आज कोणती वाट खुली आहे, सोबत माणूस घ्यावा लागेल का आणि किती वाजेपर्यंत बाहेर पडायचं. सांबर पहाटे आणि सांजेला बाहेर पडतं. संध्याकाळी उशिरा थांबता येत नाही, म्हणजे तुमच्या हाती फक्त सकाळ. शनिवार-रविवार टाळा. बंगल्यांवरच्या गाण्यांचा आवाज नाल्यापर्यंत येतो.

आता वारा. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते. सकाळी उन्हाने जमीन तापली की तीच हवा वर चढू लागते. येऊरकडचे बरेच उतार पूर्वेला तोंड करून आहेत, त्यांच्यावर ऊन लवकर येतं. त्यामुळे पहाटे तुम्ही चढत असताना वारा समोरून येतो. अगदी पाहिजे तसा. पण ऊन अंगावर आलं की तासाभरात तो उलटतो आणि तुमचा घाम, डिओ, डासांचं मलम सगळं वर पोचवतो. बहुतेकांचा डाव इथेच फसतो, आणि ते म्हणतात, आज जनावरच नव्हतं. वारा पाहायला चाळलेली राख एका छोट्या, दाबता येणाऱ्या बाटलीत भरून न्या. दर दहा मिनिटांनी चिमूटभर उडवायची. राख वर सरकू लागली की पुढे चढू नका. वाटेच्या वरच्या वळणाशी असाल तर तिथेच बसा, कारण खालचा वास तुमच्याकडे येतो, तुमचा खाली जात नाही. नाल्याच्या खोबणीत मात्र वारा गिरक्या घेतो, तिथे बसून काही हाती लागत नाही.

कपडे मातकट किंवा सुक्या पानांच्या रंगाचे घ्या. हरणांना निळा रंग चांगला दिसतो, लाल-केशरी तितकासा नाही. म्हणून जीन्स सगळ्यात वाईट, आणि नीळ दिलेला पांढरा शर्टही घरीच ठेवा.

फेब्रुवारी ते मे हा काळ बरा. सागाची पानं गळतात आणि नजर लांबवर जाते, पण तीच पानं पायाखाली पापडासारखी वाजतात. पानांच्या थरातून न जाता मळलेली वाट किंवा वाटेवरचे दगड धरा. पाऊल बाहेरच्या कडेवर टेकवून हळू आत वळवायचं, दहा-बारा पावलं टाकून मिनिटभर थांबायचं. सलग चालणारा आवाज माणसाचाच असतो, हे सांबराला पक्कं ठाऊक आहे. थांबल्यावर अख्खं जनावर शोधू नका. आडवी रेघ शोधा. जंगलात सगळं उभं असतं, पाठीची रेघ तेवढी आडवी. नाहीतर हलणारा कान. कारवीच्या दाट जाळीत दुपारभर बसलेलं सांबर असंच सापडतं.

वाटेवरच्या ओल्या मातीत खूण वाचा. सांबराचा खुराचा ठसा साधारण सात सेंटीमीटर, चितळाचा पाचच्या आसपास, भेकराचा त्याहून बराच छोटा. रानडुकराच्या ठशात मागच्या छोट्या खुरांचे दोन ठिपके बाहेर पसरलेले दिसतात, तिथे गल्लत होते. ठशाची कड धारदार, आतली माती ओलसर असेल तर ताजा. कडा ढासळून त्यात काडीकचरा पडला असेल तर शिळा. लेंडी काळपट चकाकणारी असेल तर सकाळचीच. कोवळ्या झाडाची साल कमरेच्या उंचीवर घासून निघालेली दिसली तर नराने शिंगं घासली असं समजा. गळून पडलेलं शिंग सापडलं तर हात लावू नका. ते घरी नेणं गुन्हा आहे, जागा वनखात्याला कळवा.

समोर आलेल्या सांबराच्या गळ्याखाली कधी लालसर, केस झडलेला, ओला डाग दिसतो. नवखे लोक त्याला गोळीची किंवा बिबट्याची जखम समजून घाबरतात. असा डाग धडधाकट सांबरालाही येतो.

तुम्हाला हेरलं की सांबर शेपूट वर करून पुढचा पाय आपटतं आणि मोठ्याने ‘ढँक’ करतं. एकदाच ओरडून पळालं तर कारण बहुधा तुम्ही. एकाच जागेवरून लागोपाठ साद येत राहिली, वानरंही खेकसू लागली तर जवळ बिबट्या असण्याची शक्यता धरा. वाकू नका, खाली बसू नका, सगळ्यांनी एकत्र उभं राहून आल्या वाटेने मागे या. एकट्याने जाऊच नये.

फोटोचं थोडक्यात. शटरचा आवाज बंद, फ्लॅश बंद. फोकस एकाच बिंदूवर ठेवा, नाहीतर कॅमेरा पुढची काडी पकडतो. काळपट जनावर फ्रेमभर आलं की कॅमेरा उगाच उजळ करतो, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेडाची दुरुस्ती, उणे दोन-तृतीयांश करा. चारशे मिलीमीटरच्या लेन्सला एकपायी स्टँड लागतोच, आणि त्याच्या टोकाला रबराची टोपी हवी. दगडावर धातूचा एक टक आवाज झाला की पुढच्या वळणापर्यंतचं जनावर गेलं समजा.