लिनक्स कर्नलमधली छोटी चूक दुरुस्त कशी करावी: कोड वाचण्यापासून पॅच पाठवण्यापर्यंत

लिनक्स कर्नलची, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याची, नवी आवृत्ती दर ९ ते १० आठवड्यांनी निघते आणि एकेका आवृत्तीत १२ ते १५ हजारांच्या आसपास कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल) असतात. त्यातल्या कितीतरी चार-पाच ओळींच्याच असतात. कुठे घेतलेली मेमरी सोडायची राहून गेलेली असते, कुठे एररची तपासणी चुकलेली असते. कर्नल वर्षानुवर्षे धड चालतो तो या बारीक डागडुजीमुळे. सी भाषा बऱ्यापैकी येत असेल आणि टर्मिनलची सवय असेल, तर हे काम तुम्हालाही जमेल. यात कोड बदलायला सगळ्यात कमी वेळ लागतो. बदल का हवा हे शोधणे, तो तपासणे आणि नीट लिहून काढणे यातच खरा वेळ जातो, आणि तो जायलाच हवा.

सोर्स कोणता घ्यावा

कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची मेनलाइन ट्री (मुख्य सोर्स) ‘गिट क्लोन’ने पूर्ण उतरवून घ्या. इतिहासासकट ती काही जीबी भरते. वेळ वाचवायला ‘डेप्थ १’ देऊन फक्त शेवटची कमिट उतरवण्याचा मोह होतो, पण मग ‘गिट ब्लेम’ (कोणती ओळ कोणत्या कमिटने आली ते दाखवणारा) आणि ‘गिट बायसेक्ट’ (चूक आणणारी कमिट शोधणारा) दोन्ही निकामी होतात. दुरुस्तीच्या कामात तर हीच दोन हत्यारे रोज लागतात.

मेनलाइनवर काम सुरू करण्याआधी सोर्सच्या मुळाशी असलेली ‘मेंटेनर्स’ नावाची फाईल उघडा. तिथे प्रत्येक सबसिस्टमची नोंद आहे. ‘एम’ने सुरू होणाऱ्या ओळीत मेंटेनर, ‘आर’च्या ओळीत रिव्ह्यूअर आणि ‘टी’च्या ओळीत त्या सबसिस्टमची स्वतःची गिट ट्री दिलेली असते. ‘एस’च्या ओळीत ‘ऑर्फन’ लिहिले असेल, तर त्या कोडला सध्या वाली नाही. तिथे पहिला पॅच (आपला बदल सांगणारा मजकूर) पाठवलात तर उत्तराची वाट फार पाहावी लागेल. ‘टी’ची ओळ असेल तर पॅच त्याच ट्रीवर बेतावा. नाहीतर तुम्ही जे दुरुस्त करताय ते तिथे आधीच दुरुस्त झालेले असण्याची शक्यता बरीच असते.

वेळापत्रकही ध्यानात ठेवा. आवृत्ती निघाली की पहिले दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल आत घेण्याचा काळ, असते. त्यानंतर ‘आरसी १’ ही चाचणी आवृत्ती येते आणि मग साधारण दर रविवारी एक अशी ‘आरसी ७’ किंवा ‘८’पर्यंत मालिका चालते. खऱ्या चुकीची दुरुस्ती आरसीच्या काळातही घेतली जाते. निव्वळ साफसफाई मात्र पुढच्या विंडोसाठी थांबते. मर्ज विंडो चालू असताना मेंटेनर गळ्यापर्यंत कामात असतात, तेव्हा नवा पॅच पाठवू नये.

आधी न बदललेला कर्नल बांधा

एकही ओळ बदलण्याआधी मूळ कर्नल तुमच्या मशीनवर बांधून बूट करून पाहा. ही पायरी गाळली की पुढे काही मोडल्यावर दोष तुमच्या बदलाचा की कॉन्फिगचा, हे कळत नाही.

जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन आणि बीसी लागतात. शिवाय ओपनएसएसएल आणि लिबएल्फ यांच्या डेव्हलपमेंट फायली लागतात. डिस्कवर ३० जीबी तरी मोकळी ठेवा, कारण डिस्ट्रिब्यूशनच्या कॉन्फिगमध्ये डीबग माहिती चालू असते आणि ऑब्जेक्ट फायली फुगतात.

बूट डायरेक्टरीतली चालू कर्नलची कॉन्फिग फाईल सोर्समध्ये ‘डॉट कॉन्फिग’ या नावाने आणा आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवा. नव्या पर्यायांना मूळ ठरलेली उत्तरे आपोआप मिळतात. मग ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवा. सध्या लोड असलेल्या मॉड्यूलपुरतीच कॉन्फिग उरते आणि तासाभराचे कंपाइल काही मिनिटांवर येते. ही कमांड ‘एलएसमॉड’ची यादी वाचते, म्हणून चालवण्याआधी युएसबी ड्राइव्ह, वायफाय, हेडफोन, जे जे वापरता ते सगळे एकदा जोडून घ्या. त्या घडीला जे लोड नव्हते त्याचा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये येणार नाही. ‘लोकलव्हर्जन’मध्ये स्वतःची खूण घाला, म्हणजे ‘युनेम’मध्ये कोणता कर्नल चालू आहे हे लगेच दिसते.

उबुंटूची कॉन्फिग घेतली असेल तर बांधणी बहुतेक वेळा एका सर्टिफिकेट फाईलपाशी अडते. ‘सिस्टम ट्रस्टेड कीज’ या पर्यायात जी फाईल लिहिलेली असते ती त्यांच्या पॅकेजमध्ये असते, मेनलाइनमध्ये नसते. हा पर्याय आणि ‘सिस्टम रिव्होकेशन कीज’ हे दोन्ही रिकामे करा.

‘मेक’ला ‘जे’ पर्यायासह कोअरची संख्या देऊन बांधा. मग रूट अधिकाराने आधी ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ आणि नंतर ‘मेक इन्स्टॉल’ चालवा. पहिल्या कमांडला ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप’ची किंमत १ द्या. नाहीतर मॉड्यूलमधली डीबग माहिती इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाईलमध्ये) शिरते, ती फाईल कित्येक पट वाढते आणि बूट पार्टिशन भरून जाते. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नल सुरूच होत नाही. कर्नलवर स्वतःच्या चावीने सही करा किंवा चाचणीपुरते सिक्युअर बूट बंद ठेवा. जुना कर्नल ग्रबच्या (बूट मेन्यूच्या) यादीतून काढू नका.

चूक कुठे शोधावी

फक्त मोकळ्या जागा आणि ओळींची लांबी सुधारणारे पॅच ‘ड्रायव्हर्स’मधल्या ‘स्टेजिंग’ डायरेक्टरीत सरावासाठी चालतात. बाकी ठिकाणी ते नकोसे असतात. त्यांनी ‘गिट ब्लेम’ गढूळ होतो आणि जुन्या आवृत्त्यांवर दुरुस्ती नेताना पॅच बसत नाही. नव्या माणसासाठी सगळ्यात फलदायी जागा म्हणजे ड्रायव्हरच्या ‘प्रोब’ फंक्शनमधले (उपकरण सापडल्यावर ते तयार करणाऱ्या फंक्शनमधले) एररचे रस्ते. सगळे सुरळीत असताना तो कोड चालतच नाही, म्हणून तिथल्या चुका वर्षानुवर्षे तशाच राहतात.

एक नेहमीचा नमुना जवळून पाहू. ‘प्रोब’ आधी क्लॉक (हार्डवेअर चालवणारा ठोका) मिळवतो, मग ‘सीएलके_प्रिपेअर_एनेबल’ने तो चालू करतो, मग ‘प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू’ने इंटरप्टचा (हार्डवेअर प्रोसेसरला देते त्या हाकेचा) नंबर मागतो. नंबर ऋण आला तर ‘रिटर्न’ करून सरळ बाहेर पडतो. आणि क्लॉक? तो चालूच राहिला.

हा दोष फक्त कागदावरचा वाटेल, पण तसे नाही. इंटरप्ट देणारा कंट्रोलर अजून तयार नसेल तर ‘प्रोब डिफर’चा एरर येतो आणि कर्नल तोच ‘प्रोब’ थोड्या वेळाने पुन्हा चालवतो. बूट होताना हे अनेकदा होऊ शकते. प्रत्येक फसलेल्या खेपेला क्लॉक किती वेळा चालू केला याची मोजणी एकने वाढते. पुढे ड्रायव्हर काढताना ती एकनेच कमी होते, शून्यावर येत नाही, आणि हार्डवेअरला वीज जातच राहते.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. पहिला, फंक्शनच्या शेवटी लेबल ठेवून ‘गोटू’ने तिथे जाणे आणि ज्या क्रमाने गोष्टी घेतल्या त्याच्या उलट क्रमाने सोडणे. दुसरा, ‘डेव्हएम_सीएलके_गेट_एनेबल्ड’ वापरणे. हे फंक्शन ६.० या आवृत्तीपासून आहे आणि ते वापरले की ‘प्रोब’ फसल्यावर किंवा ड्रायव्हर निघाल्यावर क्लॉक आपोआप बंद होतो. दुसरा मार्ग घेताना ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या ‘रिमूव्ह’ फंक्शनमधली क्लॉक बंद करणारी ओळ काढायला विसरू नका. ती राहिली तर क्लॉक दोनदा बंद होतो आणि कर्नल लॉगमध्ये लांबलचक इशारा टाकतो.

दोन्हींची सरमिसळ सगळ्यात घातक. इंटरप्ट ‘डेव्हएम’ने (आपोआप सोडणाऱ्या फंक्शनने) घेतलेला आणि क्लॉक मात्र ‘रिमूव्ह’मध्ये हाताने बंद केलेला, असे झाले की गोची होते. ‘डेव्हएम’च्या गोष्टी ‘रिमूव्ह’ संपल्यावर सुटतात. म्हणजे मधल्या क्षणी क्लॉक बंद आणि इंटरप्ट जिवंत असतो. तेवढ्यात इंटरप्ट आला, हँडलरने बंद हार्डवेअरचे रजिस्टर वाचले, तर काही चिपवर अख्खी सिस्टम गोठते.

आणखी एक हमखास सापडणारी चूक: ‘सीएलके_गेट’सारखी फंक्शन्स फसली तर नल (रिकामा पॉइंटर) देत नाहीत, पॉइंटरमध्ये दडवलेला एरर कोड देतात. तपासणी ‘इझ_एरर’नेच हवी. नुसती नलची तपासणी असेल तर एरर तसाच पुढे सरकतो. उलट ‘केफ्री’ला नल चालतो, तेव्हा त्याच्याआधीची नलची तपासणी निरर्थक आहे.

बदल तपासणे

आधी तेवढीच डायरेक्टरी ‘डब्ल्यू=१’ देऊन कंपाइल करा, मग ‘सी=२’ देऊन स्पार्स हे कोड तपासणारे साधन चालवा. तुमच्या फाईलमध्ये नवा इशारा आलेला चालणार नाही.

पण कंपाइल झाले म्हणजे तपासले असे नव्हे. वरच्या उदाहरणात एररचा रस्ता मुद्दाम चालवून पाहावा लागतो. इंटरप्ट मागणाऱ्या ओळीनंतर, तपासणीच्या आधी, तात्पुरती एक ओळ घालून नंबराच्या जागी ऋण एरर कोड ठेवा. डीबगएफएस ही कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाईल सिस्टम माउंट करून त्यातल्या ‘सीएलके’ डायरेक्टरीतली ‘सीएलके_समरी’ फाईल वाचा. प्रत्येक क्लॉकच्या नावापुढे तो किती जणांनी चालू केला आहे याचा आकडा असतो. मॉड्यूल घाला, फसू द्या, आकडा पुन्हा वाचा. दुरुस्तीआधी तो वाढलेला दिसेल, दुरुस्तीनंतर जागच्या जागी. हे दोन्ही आकडे टिपून ठेवा, पॅचच्या वर्णनात ते उपयोगी पडतात. तात्पुरती ओळ काढलीत ना, हे ‘गिट डिफ’ने पाहा.

मेमरीशी संबंधित बदल असेल तर ‘केएसॅन’ आणि ‘केमेमलीक’ हे तपासणीचे पर्याय चालू करून वेगळा कर्नल बांधा. पहिला सोडलेल्या मेमरीला हात लावला की लगेच सांगतो, दुसरा सोडायची राहिलेली मेमरी दाखवतो. लॉकला हात लावला असेल तर ‘प्रूव्ह लॉकिंग’ (लॉकच्या चुका पकडणारा पर्याय) अनिवार्य समजा. हे पर्याय कर्नलला बरेच संथ करतात, म्हणून अशी चाचणी क्यूएमयूमधल्या व्हर्च्युअल मशीनवर करणे सोयीचे.

चूक आधी नव्हती आणि नव्या आवृत्तीत आली असेल, तर ‘गिट बायसेक्ट’ हाच मार्ग. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती सांगा, मधली कमिट बांधा, बूट करा, निकाल द्या. १४ हजार कमिटमधून दोषी कमिट १४ पायऱ्यांत सापडते. मधली एखादी कमिट बांधलीच जात नसेल तर अंदाजाने ‘चांगली’ म्हणू नका, ‘स्किप’ म्हणा. एक चुकीचे उत्तर दिले की पुढची सगळी मेहनत भलत्याच कमिटपाशी जाऊन पोचते.

वर्णन लिहिणे

दहा वर्षांनी कोणीतरी त्याच ओळीवर ‘गिट ब्लेम’ चालवील आणि तेव्हा त्याच्या हाताशी फक्त तुमचे वर्णन असेल. ‘क्लॉकची गळती दुरुस्त केली’ एवढ्याने त्याचे भागणार नाही.

वर्णन इंग्रजीत असते. शीर्षक ७० ते ७५ अक्षरांत बसवा. सुरुवातीला सबसिस्टम आणि ड्रायव्हरचे नाव, मग आज्ञार्थी वाक्य. नाव कसे लिहितात ते त्या फाईलवर ‘गिट लॉग वनलाइन’ चालवून पाहा आणि तसेच लिहा. खाली तीन गोष्टी याच क्रमाने सांगा: कोड आता काय करतो, त्याने वापरणाऱ्याचे काय बिघडते, आणि पॅच ते कसे सुधारतो. बदल दिसतो, कारण दिसत नाही, म्हणून मधल्या भागावर सर्वात जास्त मेहनत घ्या. दुरुस्ती करताना बाजूला दुसरी चूक दिसली तर तिचा वेगळा पॅच करा, नाहीतर एक मागे घ्यायची वेळ आली की दुसरीही जाते.

मग ‘फिक्सेस’ची ओळ. चूक ज्या कमिटने आली तिच्या हॅशची पहिली १२ अक्षरे आणि शीर्षक. ती कमिट ‘गिट ब्लेम’ने शोधा, पण पहिल्या उत्तरावर थांबू नका. ती ओळ नुसती एका फाईलमधून दुसरीत हलवणारी कमिटही असू शकते. चूक जुन्या आवृत्त्यांतही असेल तर स्टेबल टीमची (निघून गेलेल्या आवृत्त्या दुरुस्त ठेवणाऱ्यांची) ‘सीसी’ ओळ घाला.

शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’. २००४ पासून चालत आलेल्या या ओळीने तुम्ही जाहीर करता की हा कोड या परवान्याखाली देण्याचा हक्क तुम्हाला आहे. ‘गिट कमिट’ला ‘एस’ पर्याय दिला की ती आपोआप लागते. निनावी पॅच घेतले जात नाहीत.

पाठवणे आणि नंतर

‘गिट फॉरमॅट-पॅच’ने फाईल बनवा आणि तिच्यावर ‘चेकपॅच’ ही लेखनशैली तपासणारी स्क्रिप्ट चालवा. टॅब ८ अक्षरांचा, ओळ शक्यतो ८० रकान्यांत. चेकपॅचने दाखवलेले एरर दूर कराच. इशाऱ्यांपैकी जो पाळल्याने कोड वाचायला अवघड होतो तो सोडून द्या, कारण ते साधन अक्षरे जुळवते, अर्थ समजत नाही. ‘गेट_मेंटेनर’ला तीच फाईल दिली की कोणाला पाठवायचे त्यांची यादी मिळते.

पॅच ई-मेलच्या मजकुरातच जातो, अटॅचमेंट नको. नेहमीचे मेल प्रोग्रॅम टॅबच्या जागी स्पेस घालतात आणि लांब ओळी मोडतात, मग पॅच लागतच नाही. म्हणून ‘गिट सेंड-ईमेल’ वापरा. पहिल्यांदा स्वतःलाच पाठवा, आलेला मेल ‘गिट एएम’ने कोऱ्या ब्रांचवर लावा आणि मगच पुढे जा.

उत्तरासाठी निदान आठवडाभर, शक्यतो दोन आठवडे थांबा. कोणी शंका काढली तर प्रत्येक मुद्द्याला त्या-त्या मुद्द्याखाली उत्तर द्या. सुधारलेल्या पॅचच्या शीर्षकात ‘व्ही २’ घाला आणि काय बदलले ते तीन डॅशच्या ओळीखाली लिहा. त्या ओळीखालचा मजकूर इतिहासात जात नाही.

पॅच मेनलाइनमध्ये गेल्यावरच स्टेबल आवृत्त्यांमध्ये घेतला जातो. ६.१२ किंवा ६.६ सारख्या दीर्घकालीन आवृत्तीवर तो बसला नाही तर तसा मेल तुम्हाला येतो. तेव्हा त्या आवृत्तीच्या ब्रांचवर ‘गिट चेरी-पिक’ला ‘एक्स’ पर्याय देऊन कमिट आणा, संघर्ष सोडवा आणि तिथे तुम्ही वापरलेले प्रत्येक फंक्शन खरोखर आहे का ते पाहा. मग त्या ब्रांचवर पुन्हा बांधून ‘सीएलके_समरी’चे तेच दोन आकडे तपासा आणि कोणत्या आवृत्तीसाठी हा पॅच आहे ते शीर्षकात लिहून पाठवा.