हाताखालच्या माणसांची काळजी कशी घ्यावी?
नेतृत्व करणाऱ्याने शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना 1670च्या दशकात धाडलेले पत्र सावकाश वाचावे. दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा, नाहीतर लष्कर रयतेला नाडू लागेल, असे बजावताना महाराज जळत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाव्यापर्यंत जातात. मला हाच तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. म्हणून आपल्या माणसांना पुढे कशाची टंचाई भासेल हे त्यांच्याकडूनच जाणून घ्यावे, तजवीज वेळेत करावी आणि त्यांच्या अडचणीचा भार आणखी दुर्बळांवर पडत नाही ना, हे स्वतः जाऊन पाहावे. रात्रपाळीला आलेल्यांच्या जेवणाची सोय आहे का, या चौकशीपासूनही सुरुवात करता येते.