हॅरियरची बोटं मोजताना: पक्ष्यांच्या अनकन्फर्म्ड नोंदी तपासायला शिकलो त्याची गोष्ट

परवा ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, दादा ते ईबर्डवर आमच्या लिस्टमधले पक्षी अडवून ठेवणारे लोक कोण असतात, त्यांना पगार मिळतो का, आणि मला ते काम करायचं असेल तर फॉर्म कुठे भरायचा. ईबर्ड म्हणजे पाहिलेल्या पक्ष्यांच्या लिस्टा टाकायची वेबसाइट आणि ॲप. पगार नाही मिळत. फॉर्मही नाही. बाकी जे आहे ते तिला फोनवर सांगता सांगता तास गेला, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकावं, अजून कोणी विचारलं तर हेच पाठवता येईल.

माझी सुरुवात रिव्ह्यूअर, म्हणजे नोंदी तपासणारा, म्हणून नाही झाली, आरोपी म्हणून झाली. जानेवारीचा महिना, इंदापूरजवळचं कडबनवाडीचं माळरान, संध्याकाळी हॅरियर गवतात उतरतात ते बघायला गेलो होतो. हॅरियरला आपल्याकडे भोवत्या म्हणतात, गवतावरून घिरट्या घालत फिरतो म्हणून. एक मादी समोरून गेली, कमरेवर पांढरा पट्टा, अंगाने चांगली थोराड वाटली, आणि मी पुस्तक उघडून ठरवूनच टाकलं की ही हेन हॅरियर. घरी येऊन लिस्ट टाकली, तीनचार ग्रुपवर फोटो फिरवला, अभिनंदनं घेतली. दोन दिवसांनी मेल. अत्यंत सभ्य, दोन ओळींचा: फोटो छान आहे, पंखाच्या टोकाला किती बोटं दिसतायत ते एकदा मोजून सांगाल का?

बोटं म्हणजे पंख पसरल्यावर टोकाला जी लांब पिसं सुटी सुटी दिसतात ती. हेन हॅरियरला पाच, पॅलिड आणि मोंटॅगू या हॅरियरच्याच दुसऱ्या दोन जातींना चार. आणि पांढरी कंबर तर तिघींच्याही माद्यांना असते, म्हणजे ज्या खुणेवर मी उड्या मारत होतो ती खूणच नव्हती. फोटो झूम केला. चार. परत मोजली, चारच. पाचवं बोट दिसावं म्हणून मी ब्राइटनेस वाढवला, शार्पनेस वाढवला, अक्षरशः नवस बोलायचा बाकी होतो. शेवटी नोंद पॅलिड करून टाकली आणि ग्रुपवर गप्प बसलो.

त्या मेलमधली एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. त्या माणसाने "तुमचं चुकलंय" असं कुठेही म्हटलं नव्हतं, त्याने मला फोटोकडे परत पाठवलं होतं. हे काम जे काही आहे ते बरंचसं एवढंच आहे.

आता यंत्रणा थोडक्यात. ईबर्ड २००२ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठवाल्यांनी सुरू केलं, २०१० पासून ते जगभर चालतं, आणि आपल्याकडे बर्ड काउंट इंडियाची मंडळी ते सांभाळतात, राज्याराज्यातल्या रिव्ह्यूअर्सना धरून. प्रत्येक भागाला एक फिल्टर असतो, त्यात कुठला पक्षी कुठल्या महिन्यात किती संख्येपर्यंत विनाचौकशी चालेल ते भरलेलं असतं. भोरड्या हिवाळ्यात हजारोंनी लिहा, कोणी विचारणार नाही, पण जूनच्या शेवटी एक जरी लिहिलीत तरी ॲप विचारतं, नक्की का? तुम्ही नक्की म्हटलंत की ती नोंद आमच्या रांगेत येते आणि तोपर्यंत अनकन्फर्म्ड असते. अनकन्फर्म्ड म्हणजे खोटी नव्हे हो. म्हणजे अजून कोणी बघितली नाही, किंवा बघितली पण ठरवण्याइतकं त्यात काही सापडलं नाही. आणि नामंजूर झाली तरी तुमच्या स्वतःच्या यादीतून पक्षी जात नाही, फक्त सगळ्यांसाठीच्या नकाशावर आणि डेटात येत नाही. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना लिहिलंय की की-बोर्डला पाठ झालंय.

रांगेत काय येतं? नव्या लोकांना वाटतं रोज काहीतरी दुर्मिळ भन्नाट येत असेल. येतात हाऊस स्विफ्ट. आपल्या पुलांखाली, जुन्या वाड्यांत पिसं-गवत थुंकीने चिकटवून घरटी करणारी ती पाकोळी म्हणजे लिटल स्विफ्ट, पण जुन्या पुस्तकांत तिचंच नाव हाऊस स्विफ्ट छापलंय, आणि आता हाऊस स्विफ्ट हे नाव हिमालय-ईशान्येकडच्या वेगळ्या पक्ष्याला आहे. त्यामुळे ज्यांनी पुस्तकातून शिकलंय ते प्रामाणिकपणे हाऊस स्विफ्ट टाइप करतात. पक्षी बरोबर ओळखलेला, नाव चुकलेलं. म्हणून पहिला धडा हा की समोरच्याने काय पाहिलं हे विचारायच्या आधी त्याने काय टाइप केलं असेल याचा विचार करायचा. दुसरं खूप येतं ते चुकीचं ठिकाण. भरतपूरला जाऊन आलेला माणूस घरी सोफ्यावर बसून लिस्ट टाकतो आणि ॲप गुपचूप घराचंच लोकेशन लावतं, मग कोथरूडमध्ये सारस क्रौंच. ह्यात ज्ञान लागत नाही, फक्त न चिडता मेल लिहिता आला पाहिजे.

मग मर्लिन ॲप. ॲपने आवाज ऐकून नाव सुचवलं की लोक ते तसंच लिस्टमध्ये ढकलतात. ॲप चांगलंच आहे, मी पण वापरतो, पण आपल्या जंगलात भृंगराज आहे ना, तो शेजारच्या पाचसहा पक्ष्यांच्या नकला बेमालूम करतो, आणि हरेवाही त्यातलाच. ॲपला कसं कळणार की झाडावर नकलाकार बसलाय? म्हणून मी आधी विचारतो, पक्षी दिसला का, आणि नसेल तर रेकॉर्डिंग आहे का. मोबाईलवरचं खरखरणारं रेकॉर्डिंगसुद्धा चालतं. ग्रीनिश वॉर्बलर आणि ग्रीन वॉर्बलर पानांत बघून ओळखायचे म्हणजे डोकेदुखी, पण ग्रीनिशची हाक दोन तुकड्यांची आणि ग्रीनची तीन, दहा सेकंदांच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न मिटतो.

पिंजऱ्यातून सुटलेले हा एक वेगळाच प्रकार. सोसायटीच्या झाडावर कॉकटील किंवा बजरीगर दिसला की ओळख शंभर टक्के बरोबर असते, फोटोही सुंदर असतो, पण तो कुणाच्या तरी गॅलरीतून उडालाय. तशी नोंद आम्ही नाकारत नाही, सुटलेला पक्षी म्हणून वेगळ्या खात्यात ठेवतो.

अलीकडे एक नवीन त्रास सुरू झालाय तो आधीच सांगून ठेवतो. धूसर फोटो एआयवाल्या सॉफ्टवेअरमधून काढला की तो पक्षी चकाचक होतो, पण ते सॉफ्टवेअर नसलेली पिसं स्वतःच्या मनाने भरतं. ज्या बारीक रेघांवर ओळख ठरायची त्याच रेघा मशीनने काढलेल्या असल्या तर आम्ही काय कपाळ तपासणार? कॅमेऱ्यातून निघालेला मूळ फोटो द्या, कितीही भिकार असू दे.

आता एका काकांची गोष्ट. अलिबागजवळ अक्षीच्या किनाऱ्यावर भर पावसाळ्यात, वादळानंतर थकून वाळूत बसलेला एक टर्न, म्हणजे सुरय, आणि नोंद सूटी टर्न. फोटो नाही. असे समुद्री पक्षी पावसाळी वाऱ्याने किनाऱ्यावर फेकले जातात हे खरं, पण सूटी की ब्रायडल्ड ह्यात भलेभले घसरतात. मी नवा होतो, फोटो नाही म्हटल्यावर नामंजूर करायच्या तयारीत होतो, तरी पद्धत म्हणून मेल टाकला की काही वर्णन लिहिलेलं आहे का. उत्तर आलं, "बाळा, तू जन्मायच्या आधीपासून मी पक्षी बघतोय." झालं. असं उत्तर आलं की माझा हात आपोआप नामंजूरकडे जातो, खोटं कशाला बोलू. मी परत लिहिलं, अहो काका, तुमच्यावर शंका नाही, पण पन्नास वर्षांनी ही नोंद वाचणारा तुम्हालाही ओळखत नसेल आणि मलाही, त्याला काय द्यायचं?

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डायरीच्या पानाचा फोटो आला. कडेला चहाचा डाग, पावसाने शाई थोडी पसरलेली, आणि तिथेच किनाऱ्यावर बसून लिहिलेलं: कपाळावरचा पांढरा रंग डोळ्यापाशीच संपतो, भुवईसारखा मागे जात नाही. पाठ डोक्याइतकीच काळी, मधे फिकट कॉलर नाही. खाली पेन्सिलने डोक्याचं चित्र, बाण काढून. बस. ब्रायडल्डची पांढरी भुवई डोळ्याच्या मागे जाते, पाठ करडी-तपकिरी असते आणि डोकं नि पाठ यांच्यामधे फिकट पट्टा असतो. ते तीनही मुद्दे काकांनी पुस्तक न बघता, पक्षी बघून खोडून ठेवले होते. नोंद मंजूर केली, फोटोशिवाय. त्याच आठवड्यात एका महागड्या लेन्सवाल्याची नोंद थांबवली होती, कारण फोटो कसा झकास पण पक्षी पाठमोरा, ओळखीची एकही जागा दिसत नव्हती. म्हणून नव्यांना सांगतो, फोटो आहे का हा प्रश्नच अर्धवट आहे, ह्या पक्ष्याचा जवळचा भाऊबंद कोण आणि तो का नाही हे कुठे दिसतंय, ते बघा.

माणसावर विश्वास ठेवून नोंद मंजूर करायची नाही, हे आपल्या उपखंडाने चांगलं महागात शिकलंय, आणि ती गोष्ट आपल्या खानदेशातलीच आहे. रानपिंगळा. ह्यूम या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं, थोडे नमुने, म्हणजे मारून पेंढा भरून ठेवलेले पक्षी, मिळाले, त्यातले काही जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केलेले, आणि १८८४ नंतर पक्षी गायब. पण म्युझियममध्ये एक नमुना होता रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगनच्या नावाचा, लेबलवर लिहिलेलं १९१४, तापीकाठचं मांडवी, गुजरात. आता हा माणूस म्हणजे कर्नल, पक्षीशास्त्रात मोठं नाव, त्याच्या लेबलवर शंका कोण घेणार? त्या लेबलावर भरोसा ठेवून शोध झाले ते रिकामे गेले. नव्वदच्या दशकात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन त्या नमुन्यांवर काम करत होत्या, त्यांच्या लक्षात आलं की हा नमुना मुळात डेव्हिडसनचा, म्युझियममधून चोरलेला, परत भरून शिवलेला आणि खोटं लेबल लावलेला. मग त्यांनी ते लेबल बाजूला ठेवलं आणि जुन्या खऱ्या जागा धरल्या. २५ नोव्हेंबर १९९७ ला त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला, ११३ वर्षांनी. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये. पुढे मेळघाटात, यावलला, आणि २०१४ मध्ये तर मुंबईच्या दाराशी तानसाला तो मिळाला. एका खोट्या नोंदीने लोकांना चुकीच्या जंगलात फिरवलं होतं. कोणी "अहो एक नोंद चुकली तर काय बिघडतं" म्हणालं की मी हीच गोष्ट सांगतो.

उलटं पण होतं हं. लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलर, १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात ह्यूमला मिळालेला एकच नमुना, शंभरावर वर्षं लोक म्हणत होते की हा कुठल्यातरी दुसऱ्या वॉर्बलरचाच विचित्र नग असेल. २००६ मध्ये थायलंडमध्ये जिवंत सापडला. म्हणजे एकच नोंद आहे म्हणून ती फेकून द्यायची असंही नाही. गुलाबी डोक्याच्या बदकाचं मात्र काय करायचं, शेवटची खात्रीची नोंद १९३५ ची दरभंग्याची, आणि तेव्हापासून कोणी ना कोणी लालसरीचा नर लांबून बघून ते सापडलं म्हणून सांगत असतं.

देशपातळीवर हे काम वेगळ्या दर्जाचं चालतं. प्रवीण जे., राजा जयपाल आणि आशिष पिट्टी यांनी इंडियन बर्ड्स मासिकात जुन्या दुर्मिळ नोंदी एकेक करून तपासल्या, २०१३ ला समुद्री पक्ष्यांपासून सुरुवात, आणि २०१६ ला भारताची यादी काढली ती १२६३ जातींची. शिकायचं असेल तर ते लेख वाचा. एखादी शंभर वर्षं पुस्तकापुस्तकांतून आलेली नोंद मुळाशी गेलं की कशी एका वाक्यावर उभी असते ते बघण्यासारखं आहे. आणि आपल्या नोंदी पुढे कुठे जातात तेही कळेल: २०२३ चा स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स रिपोर्ट ३० हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदींवर उभा आहे, त्यात ९४२ जाती तपासल्यात, कुठली वाढतेय कुठली घटतेय. त्यात तुमची-माझी कोथरूडची सारसही जाऊ शकली असती.

तर आता, कसं शिरायचं. आपल्याच भागातले साधे पक्षी बारा महिने बघा, चिमण्या-साळुंक्यांसकट मोजून नियमित लिस्टा टाका, कारण सामान्य काय ते पक्कं माहीत नसेल तर वेगळं काय ते कळत नाही. स्वतःच्या जुन्या लिस्टा उघडून स्वतःच रिव्ह्यू करा, मला माझ्या पहिल्या दोन वर्षांत अकरा नोंदी अशा सापडल्या की ज्यांना आज मी मेल पाठवला असता. जागेवरच लिहायची सवय लावा, घरी आल्यावर पुस्तक बघून आठवणारं वर्णन हे पुस्तकाचं असतं, पक्ष्याचं नसतं. रिव्ह्यूअरचा मेल आला तर भांडू नका, सविस्तर उत्तर द्या. राज्यातले लोक हे सगळं बघत असतात, आणि कधीतरी कोणीतरी विचारतं की एका जिल्ह्याची मदत कराल का. मला तसंच विचारलं होतं, आणि विचारणारा तोच, बोटं मोजायला लावणारा.

वेळेचं विचाराल तर आठवड्याला तीनचार तास, फेब्रुवारीत बर्ड काउंटच्या दिवसांत झोप विसरा. घरचे म्हणतात पक्षी बघायला जाणं समजू शकतो, दुसऱ्यांनी बघितलेले पक्षी बघत बसणं हा काय प्रकार आहे. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या मुलीला मी सध्या माझ्या रांगेतल्या वीस नोंदींचे फोटो टाकणाऱ्यांची नावं झाकून पाठवलेत, प्रत्येकीपुढे हो-नाही लिहायचं नाही, फक्त "अजून काय विचारशील" ते लिहायचं. तिचं पहिल्या नोंदीवरचं उत्तर आत्ताच आलं: "दादा, हे हाऊस स्विफ्ट त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलंय विचारू का?"